खालच्या गटात मोठं बक्षीस कशाला?

पूल (क्यूने टेबलावरचे बॉल पॉकेटात घालायचा खेळ) खेळणाऱ्या लीगवाल्यांचं एक ठरलेलं भांडण आहे, टुर्नामेंटचा मोसम आला की दर वर्षी नव्याने पेटतं. स्किलप्रमाणे गट पाडायचे की नाही. वरच्या लेव्हलचे म्हणतात सरळ ओपन ठेवा, ज्याला जिंकायचंय त्याने आधी खेळायला शिकावं. खालचे म्हणतात मग आम्ही काय फक्त एंट्री फी भरायला यायचं का. आणि मधले, म्हणजे माझ्यासारखे, दोन्हीकडून शिव्या खातात, कारण सगळ्यात जास्त चोरी, म्हणजे मुद्दाम कमी खेळून खालचा नंबर राखणं, मधल्या गटातच चालते असा सगळ्यांचा समज आहे. आणि तो फारसा चुकीचाही नाहीये.

मी राहतो अमेरिकेत, त्यामुळे बोलतोय ते इथल्या लीगबद्दल. आपल्याकडे पूल म्हणजे कॉलेजच्या दिवसात पार्लरला तासावर टेबल घेऊन खेळायचा प्रकार, इथे मात्र आठवड्यातली एक रात्र ठरलेली, बारमधलं सात फुटी टेबल, प्रत्येक टीममधून पाच-पाच जण खेळणार, कोणी प्लंबर कोणी नर्स कोणी ट्रक चालवणारा आणि हल्ली बऱ्याच टीममध्ये एखादा आयटीवाला देशी. एकट्या अमेरिकन पूलप्लेअर्स असोसिएशनचे, म्हणजे एपीएचेच, अडीच लाखांच्या आसपास सभासद सांगतात. हे सगळे हौशी लोक. यातल्या बहुतेकांना प्रो व्हायचं नाहीये, त्यांना वेगासला, एपीएच्या मोठ्या स्पर्धांना, जायचंय.

एपीए १९७९ मध्ये टेरी बेल आणि लॅरी हबर्ट या दोन प्रो खेळाडूंनी काढली (तेव्हा नाव नॅशनल पूल लीग होतं) आणि डोकं त्यांनी असं लावलं की नवशिका आणि मुरलेला एकाच टेबलावर समोरासमोर उभे राहिले पाहिजेत आणि तरी मॅच व्हायला पाहिजे. एट-बॉलमध्ये (आपले बॉल संपवून शेवटी आठ नंबरचा काळा बॉल घालायचा तो प्रकार) प्रत्येक खेळाडूला दोन ते सात असा नंबर. सातवाला दोनवाल्याशी खेळला तर सातवाल्याने सात गेम जिंकायचे आणि दोनवाल्याने फक्त दोन. म्हणजे आपल्या लहानपणीचा कच्चा लिंबूच की, फक्त इथे लिंबू किती कच्चा आहे ते स्कोअरशीटवर आकड्यात लिहिलेलं असतं.

आठवड्याच्या लीगला हे मला एकदम मान्य आहे. ते नसतं तर आमच्याकडची दोन नंबरवाली ताई तिसऱ्या आठवड्याला यायची बंद झाली असती आणि तिच्या मागोमाग अर्धी टीम. पण तीच पद्धत उचलून टुर्नामेंटला लावली की गडबड होते आणि ती कशी होते हे आकडे मांडल्याशिवाय कळत नाही, म्हणून थोडा हिशोब.

समजा दोनवाला सातवाल्याकडून पाचात एक गेम घेतो. तर ७-२ च्या रेसमध्ये त्याची जिंकायची शक्यता जवळजवळ बरोब्बर निम्मी येते. वा, हँडिकॅप (कच्च्या खेळाडूला दिलेली ही सवलत) परफेक्ट. आता समजा तो दोन म्हणून लिहिलाय पण खरं तर थोडा बरा खेळतो, पाचात एक नाही तर चारात एक घेतो. फरक केवढासा! डोळ्यांनी बघून कोणाला सांगताही येणार नाही. पण त्याची मॅच जिंकायची शक्यता एकदम ६३ टक्क्यांवर जाते. चौसष्ट जणांच्या ड्रॉमध्ये सहा मॅच लागोपाठ जिंकायच्या तर प्रामाणिक माणसाला चौसष्टात एक चान्स आणि या आपल्या किंचित बऱ्या माणसाला साधारण सोळात एक. चौपट! आणि हे त्याने मुद्दाम काही केलेलं नसताना, नुसत्या नंबर लावण्यातल्या चुकीमुळे.

म्हणजे हँडिकॅप टुर्नामेंटचं असं आहे की सगळ्यांचे नंबर अगदी अचूक असतील तर ती सोडत झाली, कोणीही जिंकू शकतो, मग खेळायचं कशाला चिठ्ठ्या टाका. आणि नंबर चुकले असतील, जे चुकतातच, तर जिंकतो तो ज्याचा नंबर सगळ्यात जास्त चुकलाय तो. उत्तम खेळणारा जिंकेल अशी तिसरी शक्यता त्यात जवळजवळ नाहीच. म्हणून टुर्नामेंटला मी गटांच्या बाजूने आहे. हँडिकॅपमध्ये मॅच बदलते, गटामध्ये समोरचा माणूस बदलतो. चार-पाचवाल्यांच्या गटात जो सगळ्यात चांगला खेळेल तो जिंकेल, सरळ रेस, दोघांना सारखेच गेम, हरलास तर हरलास. वेगासला एपीएच्या एट-बॉल सिंगल्समध्ये दोन-तीन, चार-पाच आणि सहा-सात असे तीन गट असतातच, त्यामुळे मी काही जगावेगळं सांगत नाहीये.

यावर ओपनवाल्यांचं म्हणणं मला नीट घ्यायचंय कारण ते नुसते गर्विष्ठ आहेत असं नाही. त्यांचं म्हणणं असं की आम्ही वीस वर्षं पैसे हरून शिकलो, मोठ्या खेळाडूसमोर बसून त्याचा खेळ बघत बघत शिकलो, आणि तुम्ही लोकांना आपापल्या डबक्यात ठेवलंत तर ते कायम तिथेच राहणार, वर यायची गरजच उरणार नाही. यात तथ्य आहे. पण एक तर आठवड्याच्या लीगमध्ये तो सातवाला भेटतोच की, शिकायचं तिथे शिका. आणि दुसरं म्हणजे ओपनच्या बक्षिसाचे पैसे येतात कुठून? तीन-चार नंबरवाले पंचवीस-तीस जण फी भरतात, दोन मॅच हरून दुपारी जेवायच्या आत घरी जातात, त्यांचे पैसे संध्याकाळी वरचे चार जण वाटून घेतात. पूलवाले यालाच 'डेड मनी' म्हणतात आणि तोंडावर म्हणतात, लाजतही नाहीत. असं एकदा होतं, दोनदा होतं, तिसऱ्यांदा तो डेड मनी घरीच थांबतो आणि मग तेच वरचे चार जण कुरकुर करतात की हल्ली टुर्नामेंटना फील्डच भरत नाही.

तर गट पाहिजेत. आता गटांचं दुखणं.

कुस्तीत वजनी गट असतात, कोणी कधी तक्रार करत नाही, कारण पैलवान काट्यावर उभा राहिला की विषय संपला. तोही वजन तोडतो, दोन दिवस पाणी कमी करतो, पण काटा जे दाखवतो ते खरंच त्याचं वजन असतं. पूलमध्ये असा काटा नाही. तिथे नंबर म्हणजे अंदाज, आणि अंदाज कशावरून काढता त्यावर सगळं आलं.

एपीएची जुनी पद्धत इनिंगवर चालते. तुम्ही टेबलावर किती वेळा येऊन जाता ते मोजायचं, सेफ्टी (बॉल घालायचा नाही, मुद्दाम समोरच्याला अडचणीत टाकायचं असा शॉट) मारली असेल तर ती वजा करायची, आणि कमी इनिंगमध्ये गेम संपवता म्हणजे चांगले खेळता. ऐकायला बरोबर वाटतं. पण हे मोजतं कोण, तर तुमच्याच टीममधला एकजण आणि समोरच्या टीममधला एकजण, एका हातात पेन्सिल दुसऱ्या हातात बिअर. आणि सेफ्टी होती की चूक होती हे ठरवायचं म्हणजे मारणाऱ्याच्या मनात काय होतं ते ठरवायचं! आता बघा काय होतं. चार नंबरचा एक माणूस, मॅचमध्ये बराच पुढे आहे, एट-बॉल कोपऱ्यातल्या पॉकेटच्या तोंडाशी, माझ्या आईनेही घातला असता. हा चॉक लावतो, वाकतो, दोनदा उठून परत बघतो, मारतो आणि एट पॉकेटच्या जबड्याला थटून बाहेर. हा चुकचुकतो, मान हलवतो, क्यू टेबलावर हलकेच आपटतो. सगळं झकास. फक्त त्याच्या चेहऱ्याकडे न बघता पांढऱ्या बॉलकडे बघायचं. तो तीन कुशन फिरून आलाय आणि बरोब्बर एटच्या मागे जाऊन लपलाय, समोरच्याला त्याचा उरलेला बॉल सरळ दिसतच नाही. चुकलेल्या शॉटवर पांढरा असा जाऊन बसतो का कधी? कधीतरी बसतो. एका रात्रीत चार वेळा नाही बसत. पण स्कोअरशीटवर काय लिहिलं गेलं, तर एक इनिंग वाढली, नंबर चारच राहिला. मॅचही त्यानेच जिंकली. यालाच सँडबॅगिंग म्हणतात आणि त्याच्यावर नियम, कमिट्या, वरिष्ठांकडे तक्रारी सगळं काही आहे, तरी ते चालतंच कारण सिद्ध कसं करणार.

फार्गोचं रेटिंग मला याच्यापेक्षा बरं वाटतं त्याचं कारण हेच की ते मनात शिरत नाही. नॉर्थ डकोटातल्या फार्गो गावच्या माइक पेज नावाच्या केमिस्ट्रीच्या प्रोफेसरांनी ते काढलं, आणि त्यात फक्त एवढंच बघतात की कोणाशी खेळलात, किती गेम जिंकलात आणि किती हरलात. शंभर पॉइंटचा फरक म्हणजे वरचा दोन गेम घेतो तेव्हा खालचा एक घेतो, दोनशेचा फरक म्हणजे चारास एक. इनिंग नाही, सेफ्टी नाही, पेन्सिल नाही. यात रेटिंग पाडायचं तर गेम हरावे लागतात, जिंकता जिंकता पाडता येत नाही, आणि गेम हरले की टीमही हरते, मग टीमवालेच त्याची सोय लावतात. चोरी अशक्य नाही पण महाग होते. तेवढं पुरे आहे.

अर्थात फार्गोतही भोकं आहेत. पहिलं म्हणजे ज्याचे गेमच नोंदलेले नाहीत त्याचं काय. दोनशे गेम होईपर्यंत रेटिंग पक्कं धरत नाहीत. आणि इथे आपल्या लोकांबद्दल बोलायलाच पाहिजे. मुंबई-पुण्याच्या जिमखान्यावर दहा वर्षं स्नूकर मारलेला माणूस इथे नोकरीला येतो, बारा फुटी टेबलावरची त्याची नजर, आणि त्याला सात फुटी टेबल, पॉकेटं एवढी मोठी की त्याला हसूच येतं. त्याने नाव घातलं की तो 'नवीन खेळाडू'. एपीएत बरीच वर्षं पद्धत अशी होती की नवा पुरुष चारवर सुरू व्हायचा, नवी बाई तीनवर (बाईला तीन कशावरून, हा वेगळाच वाद होता आणि त्यात माझ्या ओळखीच्या दोन पाचवाल्या बायका कोणालाही गप्प बसवू शकतात). तर हा आपला स्नूकरवाला नवशिक्याचा नंबर घेऊन येतो आणि पहिल्या रात्री सहावाल्याला धुऊन काढतो. त्याने काही खोटं केलं का? नाही. कोणी विचारलंच नाही. पण समोरच्याला ते कसं दिसतं याचा विचार करा. माझं तर म्हणणं आहे की आपण आपणहून सांगावं, बाबा मी स्नूकर खेळून आलोय, मला पाचवर टाका. बरेच जण नाही सांगत. दोन महिने मजा येते ना.

दुसरं भोक जास्त अवघड आहे, सीमारेषेचं. कुठेतरी रेघ मारावीच लागते आणि रेघेच्या अलीकडचा आणि पलीकडचा यांच्यात काडीचा फरक नसतो. समजा शंभर पॉइंटचा एक गट केला. गटातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा भेटले, पाचची सरळ रेस (आधी पाच गेम घेईल तो जिंकला), तर खालच्याची जिंकायची शक्यता साधारण साडेचौदा टक्के. म्हणजे 'समान लोकांचा गट' म्हणवणाऱ्या गटातही एकजण सातात एकदा जिंकणार. गट पन्नास पॉइंटचे केले तर तोच आकडा तीस टक्क्यांच्या आसपास जातो, बराच बरा, पण मग गट दुप्पट होतात आणि एकेका गटात नऊ-दहा माणसं उरतात, त्याला कोण टुर्नामेंट म्हणेल. वेगासच्या हजारोंच्या मेळ्यात बारीक गट परवडतात, गावच्या चाळीस जणांत नाही. त्यामुळे रेघेवरून भांडणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं की रेघ कुठेही ओढा, खालचा माणूस रडणार आणि वरचा माणूस रेघेच्या खाली राहायचा प्रयत्न करणार. रेघ हलवून ते सुटत नाही.

ते सुटतं बक्षीस हलवून, आणि हे कोणालाच करायचं नसतं.

बघा ना, माणूस चार नंबरवर राहायला इतका जीव का टाकतो? चार या आकड्यावर प्रेम आहे म्हणून नाही. चार-पाचच्या गटाचं पहिलं बक्षीस सहा-सातच्या गटाइतकंच, किंवा जवळपास तेवढंच असतं म्हणून. आयोजकांचा हिशोब सरळ आहे, मधल्या गटात माणसं जास्त, त्यामुळे फी जास्त, त्यामुळे बक्षीस मोठं, जाहिरात झकास होते. पण त्याचा अर्थ असा होतो की अजून मेहनत करून सहा झालात तर बक्षीस तेवढंच आणि समोर माणसं दुप्पट कठीण. कोण होईल सहा? आम्हीच चांगलं न खेळायचं बक्षीस ठेवतो आणि मग लोक चांगलं खेळत नाहीत म्हणून त्यांची चौकशी लावतो.

पुन्हा कुस्तीकडे येतो. महाराष्ट्र केसरीच्या अधिवेशनात ५७ किलोपासून गट असतात आणि ५७ किलोतला पैलवान कसबी असला तर बघायला जीव हरखतो, पण गदा केसरी गटातच. त्यावर कोणी दंगा करत नाही. वजनाची गोष्ट वेगळी, ५७ किलोचा माणूस केसरी गटात जाऊन लढू शकत नाही हे खरंच, तरीही गदा एकच असते. पूलमध्ये तर उलट आहे, चारवाला सराव करून सहा होऊ शकतो, मग तिथे तर मोठं बक्षीस वरच ठेवायला जास्त कारण आहे.

बुद्धिबळवाल्यांना हे ओळखीचं असेल. आपल्याकडे 'बिलो सिक्स्टीन हंड्रेड' वगैरे रेटिंगची मर्यादा घातलेल्या स्पर्धा होतात, आणि तिथेही तेच, रेटिंग मागे राहिलेलं पोरगं येतं आणि पन्नाशीच्या काकांना चिरडून जातं. कोविडनंतर तर पोरांची ताकद कुठे आणि रेटिंग कुठे अशी अवस्था होती. शेवटी १ मार्च २०२४ पासून फिडेने, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने, २००० च्या खालच्यांची रेटिंग एकदाच वर सरकवली, १००० वाला थेट १४०० झाला. म्हणजे गट चुकीचे नव्हते, आकडे शिळे होते, ते ताजे केले. पूलमध्येही आकडे ताजे ठेवणं हे निम्मं काम आहे.

आणि आकडे ताजे ठेवताना एक गोष्ट सांभाळायला पाहिजे ती म्हणजे सुधारलेला माणूस आणि खोटा माणूस यांना एकाच काठीने हाणू नये. एपीएत टीमला तेवीसचा नियम आहे, रात्री खेळणाऱ्या पाच जणांच्या नंबरांची बेरीज तेवीसच्या वर जाता कामा नये. आठ मित्र तीन-चार नंबरवर एकत्र सुरुवात करतात, दोन वर्षं मनापासून खेळतात, सगळे पाच होतात, आता पाच पाचा पंचवीस. टीम फुटते. कोणाला तरी सांगावं लागतं की तू जा, का तर तू सुधारलास. त्याला म्हणे नवीन टीम काढायची संधी मिळते. लीगच्या दृष्टीने एकाच्या दोन टीम झाल्या, दोन्हींची फी सुरू, त्यामुळे लीगला त्यात फार वाईट वाटत नसावं. नियमामागचा हेतू मला कळतो, पाच सातवाले एकत्र आले तर बाकीच्यांनी काय करायचं. पण आठ मित्रांना हा नियम शिक्षेसारखाच लागतो, आणि मग त्यांच्यातलाच एकजण दुसऱ्याला हळूच म्हणतो, या आठवड्यात दोन-चार इनिंग वाढव ना. सँडबॅगिंगची सुरुवात बऱ्याचदा अशी होते, पैशासाठी नाही, टीम टिकावी म्हणून. त्याला मी चोर म्हणणार नाही.

टुर्नामेंटच्या मधेच नंबर वाढवून माणसाला बाद करणं हाही असाच प्रकार. चार मॅच अफाट खेळला म्हणून पाचव्या मॅचच्या आधी त्याला बाजूला घेतात. कधी तो खरंच चोर असतो, कधी बिचाऱ्याचा तो आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस असतो. हौशी खेळाडूचा खेळ रोज सारखा नसतोच, म्हणून तर तो हौशी. एका दिवसावरून बाद करू नये, पुढच्या टुर्नामेंटला वरच्या गटात टाकावं, बक्षीस आत्ताचं त्याला द्यावं. बक्षीस लहान असेल तर हे कोणाला खुपणारही नाही.

तर आमच्या भागातल्या टुर्नामेंटसाठी माझं म्हणणं असं, आणि हे मी मीटिंगमध्येही बोललोय, दोन जण माझ्या बाजूने होते आणि बाकीचे मोबाईलमध्ये. गट ठेवा, तीनच ठेवा. नंबर हार-जितीवरून काढा, इनिंगवरून नाही. ज्याचे गेम कमी नोंदलेत त्याने वरच्या गटात खेळायचं, खालच्या नाही, सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर. खालच्या दोन गटांची फी कमी करा, जेमतेम टेबलाचा खर्च निघेल एवढी, आणि तिथे विजेत्याला ट्रॉफी आणि वरच्या गटात पुढच्या वेळची फुकट एंट्री द्या, रोख नको. रोख सगळी वरच्या गटात. दोनदा खालचा गट जिंकला की तिसऱ्यांदा आपोआप वर, चौकशी नाही, आरोप नाही.

सगळ्यात मोठा विरोध कोणाचा झाला माहितीये? वरच्यांचा नाही, मधल्यांचा. रोख नसेल तर आम्ही येणार नाही म्हणाले. त्यातल्या निदान तिघांबद्दल मला खात्री आहे की रोख नसेल तर त्यांना चारवर राहायचं काही कारणच उरत नाही, आणि ते नाही आले तर बाकीच्या चारवाल्यांना पहिल्यांदा चारवाल्यांशी खेळायला मिळेल. आयोजकांना भीती आहे की फील्ड कमी होईल. होईल की पहिल्या वर्षी, दहा-बारा माणसांनी होईल. मी म्हणलं होऊ दे, त्या दोन नंबरवाल्या ताईला आणि तिच्या टीमला बोलवा, त्या लोकांनी आजवर एकही टुर्नामेंट खेळलेली नाहीये आणि का नाही खेळलेली हे त्यांना कोणी विचारलेलंही नाहीये.